पालमपूरचा सौरभ आणि त्याचे पाच सोबती
(जीर्णोद्धार सोहळ्यात झालेले भाषण)



देवळासाठी ज्यांनी दिले त्यांची नावे दगडावर कोरण्याची चाल फार जुनी आहे. हिमाचल प्रदेशातील कांगडा जिल्ह्यात बैजनाथ येथे शंकराचे देऊळ आहे. आहुक व मन्युक या दोन व्यापाऱ्यांनी ते इ. स. १२०४ मध्ये बांधले. तेथील शिलालेखामुळे आठशे वर्षांनंतरही त्यांची नावे टिकून आहेत. बैजनाथापासून जवळच पालमपूर आहे. तेथील एका मुलाची आठवण आजच्या मंगलदिनी काढावयाची आहे.

कॅप्टन सौरभ कालिया. जन्म २९ जून १९७६. पालमपूर हे चहाच्या मळ्यांचे गाव, तेथे कृषी विद्यापीठही आहे. या विद्यापीठातून १९९७ साली तो बी. एस्सी. पहिल्या वर्गात पास झाला. मुलगा कृषी विद्यापीठातून पास झाला की आईबाप काय मनात धरतात, हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. बँक, नाहीतर सरकारी खाते. सौरभने त्याच वर्षी सैन्याची परीक्षा दिली, डेहराडूनला शिक्षण घेतले आणि १२ डिसेंबर १९९८ रोजी चौथ्या जाट पलटणीत अधिकारी झाला. नेमणूक कारगिलला.

हिवाळ्यात तेथील उंच चौक्या बर्फामुळे रिकाम्या करीत. त्याचाच फायदा घेऊन पाकिस्तानी सैन्य आत शिरले होते. १५ मे १९९९ रोजी सौरभ पाच जवान घेऊन काकसर भागात गस्तीस गेला. वर शत्रू दबा धरून होता. गोळीबार झाला, दारूगोळा संपला, सहाही जण वेढले गेले आणि जिवंत पकडले गेले. ९ जून रोजी त्यांचे मृतदेह परत मिळाले. त्यांचे हाल करून मारल्याचे शवविच्छेदनात दिसले. पाकिस्तानने ते नाकारले. अधिक वर्णन देवाच्या दारी नको. न्याय मिळावा म्हणून वडील २०१२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

सौरभला तेविसावे वर्ष पुरे व्हायला वीस दिवस उरले होते. पालमपूरला आज त्याच्या नावाचे वनविहार आहे, हे योग्यच झाले. पण त्याच्याबरोबरच्या पाच जणांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? अर्जुनराम, भँवरलाल, भीकाराम, मूलाराम आणि नरेशसिंग. बहुतेक राजस्थानचे. अधिकाऱ्याचे नाव तेवढे राहते आणि शिपाई "इतर पाच" होतो, ही कागदोपत्री जुनीच खोड.

घरच्यांनी सांगितलेली एक गोष्ट. नोकरीवर निघताना सौरभने आईजवळ सही केलेले चेक ठेवले होते, पगारातून लागतील तसे पैसे काढावेत म्हणून. त्यातला एक चेक आईने तसाच जपून ठेवला.

आता सर्वांनी सहाही जणांसाठी दोन मिनिटे उभे राहावे, ही विनंती.