शस्त्र आणि किरण



स्तनाचा कर्करोग म्हटला, की तो अवयव, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी यांचा एकत्र उच्छेद, असा जो दंडक बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड या शल्यविशारदाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घालून दिला, तो पुढे कित्येक दशके शाही फर्मानासारखा पाळला गेला. आणि रोग हटला तरी सुजलेला हात नि आखडलेला खांदा घेऊन घरी परतणाऱ्या स्त्रियांची कैफियत फारशी कोणी दप्तरी दाखल करून घेतली नाही.

ती मनावर घेणारे एक गृहस्थ लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात होते. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचे हे धाकटे बंधू जेफ्री केन्स. फावल्या वेळात ब्लेक कवीच्या ग्रंथांचे संपादन करणारे. किरण सोडणारे रेडियम भरलेल्या बारीक सुया गाठीभोवती, काखेत आणि बरगड्यांच्या मधल्या फटींत टोचून काही दिवस तशाच ठेवावयाच्या, अशी पद्धत त्यांनी 1920च्या दशकात अवलंबिली, आणि 1937 साली तिची फलिते जाहीर केली. ती उच्छेदापेक्षा उणी नव्हती. परंतु समव्यवसायींना हा माणूस पाखंडीच वाटला, आणि पुढे महायुद्ध आले, तसे हे काम मागे पडले.

स्तन राखूनही भागते याचा निर्णायक पुरावा फार उशिरा हाती आला. शल्यविशारद बर्नार्ड फिशर यांनी 1976पासून अमेरिकेत स्त्रियांचे तीन गट पाडले: एका गटात संपूर्ण स्तन काढला, दुसऱ्यात केवळ गाठ, आणि तिसऱ्यात गाठ काढून वर किरणोपचार दिला. वीस वर्षांनी पाहता जगण्याचे प्रमाण तिन्ही गटांत सारखेच. मात्र राखलेल्या स्तनात रोग उलटण्याचे प्रमाण नुसत्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे 39 टक्के, तर किरणांच्या जोडीने 14 टक्के. शस्त्राला दिसते तेवढेच निघते. मागे दडलेल्या पेशींचा समाचार किरण घेतात.

ज्याला आपल्या बायाबापड्या ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात तो हाच किरणोपचार, आता सुयांऐवजी यंत्राने दिलेला. त्यात शेकल्यासारखे काहीच लागत नाही. कातडीवर शाईचे ठिपके देतात, हात डोक्यावर घेऊन निजवितात, तंत्रज्ञ जाड दरवाजाबाहेर जातो, यंत्राची मान फिरते, आणि काही मिनिटांत बाई उठते. त्वचेची लाली नि थकवा पुढे हळूहळू येतो. मात्रा रोज थोडी देण्याचे कारण असे, की निरोगी पेशी मधल्या अवकाशात आपली डागडुजी कर्करोगी पेशींहून बरी करून घेतात. डाव्या बाजूस हृदयाला धोका असतो, म्हणून पुष्कळदा दीर्घ श्वास रोखून धरावयास सांगतात. छाती फुगली की हृदय किरणांच्या वाटेतून मागे सरते.

आता मुदतीचा प्रश्न, आणि माझ्या मते आपल्या मुलखात हाच खरा. पूर्वी 50 ग्रेची (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप) मात्रा 25 हप्त्यांत, म्हणजे पाच आठवडे, चाले. ब्रिटनमधील चाचण्यांनी ती 40 ग्रे, 15 हप्त्यांवर आणली, आणि 2020 साली 26 ग्रे केवळ पाच हप्त्यांत देऊनही पाच वर्षांचे निकाल तितकेच चांगले आल्याचे दिसले. गडचिरोलीहून परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या बाईला हा फरक आकड्यांचा नव्हे, बिऱ्हाडाचा असतो: पाच आठवडे मुंबईत राहावयाचे कोठे, मुले कोणाच्या हवाली करावयाची, सोबतच्या माणसाची मजुरी बुडाली तर चूल कशावर पेटायची? राहण्याची सोय नाही एवढ्याच कारणास्तव जी स्त्री राखता येणारा स्तनही काढून टाकावयास राजी होते, तिची संमती आपण संमती मानावी काय, याचे उत्तर मला शल्यविशारदांकडून नव्हे, सरकारी तिजोरीच्या कारभाऱ्यांकडून हवे आहे.