शेताची राखण आणि बंदुकीची निवड

तिसगांव हें नगरहून पाथर्डीला जाणाऱ्या रस्त्यावरील बाजाराचें गांव. मढीचें कानिफनाथांचें देवस्थान तेथून जवळ. गर्भगिरीचे डोंगरही दूर नाहींत. भोंवतालच्या शिवारांत बाजरी, तूर, कपाशी, आणि जेथें पाणी आहे तेथें ऊस. बाजरी निसवून कणसांत दाणा भरूं लागला, कीं डोंगराच्या कडेचीं शेतें राखणाऱ्या कुटुंबांना रात्रीची झोप पुरी मिळत नाहीं. रानडुकरांचा कळप पिकांत शिरला, तर तो खातो थोडें आणि तुडवतो फार. आडवें झालेलें पीक सकाळीं पाहून शेतकऱ्याच्या मनांत एकच प्रश्न उभा राहतो : बंदूक घ्यावी, पण कोणती? आणि बहुधा त्यामागोमाग उत्तरही येतें : सर्वांत दूर मारणारी, सर्वांत जबर. ह्या उत्तरांत जी चूक आहे ती समजून घेणें जरूर आहे. कारण तिची किंमत डुकराला नव्हे, एखाद्या माणसाला द्यावी लागते.

हाच प्रश्न उत्तर अमेरिकेंत एल्क नांवाच्या मोठ्या हरणाच्या शिकारीनिमित्त पिढ्यान्‌पिढ्या चर्चिला गेला आहे. एल्क म्हणजे भारतांतील सांबराचा थोरला भाऊबंद. सांबराचा पुरा वाढलेला नर २०० ते ३०० किलो भरतो. एल्कचा नर ३०० किलोंच्याही पुढें जातो. रॉकी पर्वताच्या उघड्या उतारांवर तो २००-३०० वारांवरून दिसतो, आणि जखमी झाला तर दरी ओलांडून नाहींसा होतो. म्हणून तेथील शिकाऱ्याला तीन गोष्टींचा मेळ घालावा लागतो : गोळीचें वजन, तिचा वेग आणि तिची घडण.

वजनाची कल्पना सोनाराच्या काट्यावरून चटकन येईल. गोळी ग्रेनमध्यें तोलतात, आणि १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा. अमेरिकन सैन्यानें १९०६ सालीं स्वीकारलेलें ३०-०६ हें काडतूस एल्कसाठीं आजही पुष्कळ शिकारी पसंत करतात. त्याची एक प्रचलित गोळी नेमकी एका तोळ्याची असून ती नळींतून सेकंदाला सुमारें २,७०० फूट वेगानें सुटते. पुढें १९६३ सालीं ३०० विंचेस्टर मॅग्नम निघालें. त्याचा वेग अधिक, मार अधिक, आणि शिकाऱ्याच्या खांद्याला बसणारा धक्काही अधिक. ह्या धक्क्याची धास्ती घेतलेला मनुष्य चाप ओढण्याच्या क्षणीं डोळे मिटतो व नळी हलवतो. मोठें काडतूस असें आपल्याच धन्याचा नेम बिघडवतें.

घडणीचा मुद्दा तितकाच महत्त्वाचा आहे. सर्व बाजूंनीं कठीण धातूचें कवच असलेली गोळी अंगांतून आरपार निघून जाते आणि जनावर मैलभर धांवतें. टोंकाशीं शिसें उघडें ठेवलेली मऊ गोळी आंत शिरतांच फुलते व जनावर लवकर खालीं येतें. कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यांत गेल्याच्या गेल्या शतकाच्या अखेरीस अशा फुलणाऱ्या गोळ्या तयार झाल्या. १८९९ च्या हेग येथील परिषदेनें त्या युद्धांत निषिद्ध ठरवल्या. शिकारींत मात्र त्याच अधिक दयेच्या मानल्या जातात. माणसाविरुद्ध जें क्रौर्य, तें जनावराच्या बाबतींत यातना आंखूड करणारें ठरलें.

परंतु तोळे आणि फूट ह्यांच्या हिशेबानेंच काम भागतें असें नाहीं. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ सालीं मारल्याबद्दल जिम कॉर्बेट ह्यांना रिग्बी कंपनीची जी रायफल भेट मिळाली, ती अवघी २७५ बोअरची होती. मोठ्या जनावरांच्या मानानें हें हत्यार लहान. पण तें चांगलें पेललें जाई व नेम चुकत नसे. खांद्यामागें, छातीच्या पोकळींत, काळजाच्या आणि फुफ्फुसांच्या जागीं लागलेली मध्यम गोळी पोटांत लागलेल्या जबर गोळीपेक्षां शतपट बरी. पोटांत लागलेलें जनावर दिवसभर मरत राहतें. आणि जखमी डुक्कर झाडोऱ्यांत दडून बसलें, तर सकाळीं गवत कापावयास गेलेल्या बाईवर तें उलटतें.

भारतांत ही निवड शिकाऱ्याच्या मर्जीवर कधींच सर्वस्वीं सोडलेली नव्हती. ३०३ हें सैन्याचें काडतूस; तें बंडखोरांच्या हातीं पडूं नये, म्हणून ब्रिटिश सरकारनें तें बोअर खासगी माणसांना बंद केलें. १९०७ च्या सुमारास ४५० बोअरवरही तशीच बंदी आली, आणि विलायतेच्या कारागिरांनीं ४६५ व ४७० अशीं नवीं मापें काढून वाट शोधली. सामान्य परवानेदारासाठीं पुढें आली ती ३१५ बोअरची रायफल. तिचें काडतूस मूळचें ऑस्ट्रियाच्या सैन्याचें, १८९० च्या सुमाराचें. गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे सव्वा तोळ्याहून अधिक, आणि वेग सेकंदाला सुमारें २,००० फूट. स्वातंत्र्यानंतर ती बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्यांत होऊं लागली. जंगलांत ८०-१०० वारांवर उभ्या असलेल्या सांबराला हें हत्यार पुरेसें होतें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा तो काळ संपला, आणि तो संपला हें योग्यच झालें.

आतां हा सारा हिशेब घेऊन तिसगांवच्या शेतांत यावें. येथें तीनशें किलोंचें हरीण नाहीं. साठ-ऐंशी किलोंचें डुक्कर आहे. दरीपलीकडचा उतार नाहीं. तीस-चाळीस पावलांवरचा बांध आहे. आणि रॉकी पर्वतांत क्वचितच विचारावा लागणारा एक चवथा प्रश्न येथें सर्वांत पहिला आहे : जनावराच्या मागें काय आहे? ह्या भागांत माणसें केवळ गावठाणांत राहत नाहींत, शेताशेतांतील वस्त्यांवर राहतात. विजेची पाळी रात्रीची असली, कीं उसाला पाणी द्यावयास मनुष्य रात्रीं दोन वाजतां सरींत उभा असतो. त्याच्या हातांतील बॅटरी विझलेली असली, तर तो कोणालाच दिसत नाहीं. रायफलची चुकलेली गोळी बांधावर थांबत नाहीं. मैलभर पलीकडेही ती प्राण घेऊं शकते. जो गुण एल्कच्या शिकाऱ्याला हवा, तोच येथें दोष होतो.

ह्या दृष्टीनें पाहिलें तर कायद्यानें घातलेली मर्यादा शहाणपणाची ठरते. १९५९ च्या शस्त्र कायद्याचें तेरावें कलम खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीं मुळांत ठासणीच्या बंदुकीचा विचार करतें. ती अपुरी पडते अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाल्यास किमान २० इंच नळीच्या, आंत पीळ नसलेल्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय त्यांत आहे. अशी बंदूक म्हणजे नेहमींची १२ बोअर. एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या, तर त्यांतील एक जिच्या नळींत बसेल ती १२ बोअर. म्हणजे एक गोळी सव्वातीन तोळ्यांच्या आसपास. गोळी जड, वेग रायफलच्या मानानें पुष्कळ कमी, आणि मार आंखूड. पन्नास वारांच्या आंत एक सबंध गोळी डुकराला पुरून उरते. मोठे छर्रे पंचवीस-तीस वारांपर्यंतच भरंवशाचे. त्यापुढें ते पसरतात आणि मारण्याऐवजीं जखमी करतात. पाखरांचे बारीक छर्रे डुकरावर झाडणें हें तर निव्वळ क्रौर्य होय.

तरीही आंखूड मार म्हणजे निर्धोक मार नव्हे. बंदूक जमिनीवरून आडवी झाडूं नये. माळ्यावर बसून खालच्या दिशेनें झाडावी, म्हणजे चुकलेली गोळी मातींत जाते. जनावर ओळखल्यावांचून चापावर बोट ठेवूं नये. २०२० च्या ऑक्टोबरांत पाथर्डी तालुक्यांत बिबट्यानें लहान मुलांचे बळी घेतले, तेव्हांपासून अंधारांतील प्रत्येक सळसळ मनाला धसका देते. पण सळसळीवर झाडलेली गोळी बिबट्याला क्वचितच लागते. बिबट्याचा निर्णय मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी हुकुमाशिवाय कोणीही घेऊं शकत नाहीं. ह्याच जिल्ह्यांत काळविटांसाठीं १९८० सालीं रेहेकुरीचें अभयारण्य झालें; रात्रीच्या उजेडांत चमकणारे डोळे काळविटाचेही असूं शकतात, आणि गांवच्या वासराचेही.

हत्याराचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे, हेंही विसरतां येत नाहीं. पिकांचें नुकसान करणाऱ्या रानडुकरांबद्दल महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं निर्णय काढला. त्यानुसार वनक्षेत्रपालांकडे अर्ज करून परवानगी मागावी लागते. नुकसानीची भरपाई मागण्याची वाटही खुली आहे. पंचनाम्याला वेळ लागतो, पैसे उशिरां येतात, ही तक्रार खोटी नाहीं. परंतु विनापरवाना झाडलेल्या एका गोळीनें सुरू होणारी कोर्टाची फेरी त्याहून कितीतरी लांब असते.

म्हणून बंदूक निवडणाऱ्यानें दुकानांत जाण्यापूर्वीं एका संध्याकाळीं आपल्या माळ्यावर बसावें आणि चारी दिशांना पाहावें. कोणत्या बाजूला वस्ती आहे, कोणत्या बाजूला पाऊलवाट, रात्रीं पाणी कोणाच्या शेतांत चालतें, हें मोजावें. ज्या बाजूला गोळी मातींत जाईल अशी खात्री नाहीं, ती बाजू बंदुकीला कायमची बंद समजावी. तेथें कुंपण, शेकोटी, डबा आणि हांक ह्यांवरच राखण करावी. उरलेल्या दिशेला किती पावलांवर आपला नेम दहापैकीं दहा वेळां लागतो, तेवढाच आपल्या बंदुकीचा खरा पल्ला. तो तीस पावलें निघाला, तर तीस पावलांचीच बंदूक घ्यावी. एका रात्रीचें पीक पुढल्या पावसाळ्यांत पुन्हां उभें राहतें. सरींत पाणी देणारा शेजारी पुन्हां उभा राहत नाहीं.