ब्रेक बदलले, पण दिवा विझेना

आपल्या जालना जिल्ह्यात आता बऱ्याच घरी बैलगाडीची जागा पिकअपनं घेतली आहे. मोसंबी, कापूस, भाजीपाला, सगळं तीच वाहते. घरातली तरुण मंडळी तिची किरकोळ दुरुस्ती घरीच करतात. चार पैसे वाचतात, चांगलंच आहे. पण ब्रेकचं काम वेगळं. तण राहिलं तर पुन्हा खुरपता येतं. ब्रेकमध्ये चूक राहिली तर ती रस्त्यावरच कळते.

परवा अंबड तालुक्यात मोसंबीची बाग पाहायला गेलो होतो. बागमालकांनी पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड स्वतः बदलले होते. गाडी चालू केली की मीटरमध्ये लाल दिवा. ते म्हणाले, "साहेब, पॅड नवेकोरे आहेत. दिवाच बिघडलाय." त्यावर त्यांनी काळी चिकटपट्टी लावून टाकली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे माल भरून जालन्याला निघायचं होतं. बॉनेट उघडून पाहिलं, तर बाटलीतलं ब्रेक ऑईल खालच्या खुणेच्याही खाली. चाकाच्या आतून बोट फिरवलं, तर ओलं लागलं. पिस्टन मागे दाबताना एअर काढायचा निपल उघडला होता, तो नीट आवळलाच नव्हता. दिवा खरं सांगत होता, आपणच त्याचं तोंड बांधलं होतं.

तेव्हा दिवा लागला तर काय बघायचं, ते क्रमानं सांगतो.

पहिलं, हँडब्रेक. दांडा पूर्ण खाली आहे का बघा. थोडासा वर राहिला तरी लाल दिवा लागतो.

दुसरं, ब्रेक ऑईलची बाटली. गाडी सपाट जागी उभी करा. ऑईल दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. कमी असेल तर नुसतं भरून निघू नका, गेलं कुठं ते आधी शोधा. चारही चाकांची आतली बाजू, नळ्या, निपल तपासा. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असं जे लिहिलं असेल, तेच ऑईल सीलबंद डब्यातून घाला. इंजिन ऑईल किंवा डिझेल थेंबभरही नको. त्यानं आतली रबरं फुगतात आणि ब्रेक निकामी होतात. उघडा पडलेला जुना डबाही नको. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढून घेतं. ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि ऐन वेळी पायडल पोकळ लागतं.

तिसरं, पायडल. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेला असतो, म्हणून पहिल्यांदा पायडल थेट तळाला जातं. गाडी जागची हलवण्याआधी पायडल सावकाश, पुन्हा पुन्हा दाबा, घट्ट होईपर्यंत. मग बाटली परत बघा. पायडल स्पंजासारखं लागलं तर आत हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर कुठंतरी गळती आहे. दोन्ही वेळी गाडी बाहेर काढायची नाही.

चौथं, एबीएसचा पिवळा दिवा. नव्या मोटारींना ही सोय २०१९ सालापासून सक्तीची झाली. अशा गाडीत चाकाजवळ एक सेन्सर असतो. काम करताना त्याची वायर ओढली गेली, जोड सुटला किंवा टोकाला घाण बसली, तर हा दिवा लागतो. जोड बसवा, टोक पुसा. तरी विझला नाही आणि पायडल घट्ट असेल, तर रिकामी गाडी सावकाश मेस्त्रीकडे न्या, स्कॅनर लावून दोष सापडतो. बॅटरीची वायर काढून दिवा घालवू नका. दिवा जाईल, दोष राहील. लाल आणि पिवळा दोन्ही दिवे एकदम राहिले, तर गाडी हलवू नका, मेस्त्रीलाच घरी बोलवा.

आता ट्रॅक्टर. बऱ्याच ट्रॅक्टरांना ब्रेक ऑईलचा दिवाच नसतो, तिथं पायडल हाच इशारा. लायनर बदलल्यावर डावं-उजवं पायडल सारखंच खाली गेलं पाहिजे. एक जास्त गेलं तर भरली ट्रॉली ब्रेक लावताच एका बाजूला ओढते. रस्त्यावर दोन्ही पायडल कडीनं जोडलेलीच ठेवा.

काम करताना नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. भक्कम ठोकळे लावा, बाकीच्या चाकांना दगड द्या. ब्रेकची धूळ फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. ती छातीला घातक असते.

सगळं झालं की मोकळ्या वावरात, रिकाम्या गाडीवर, बैलाच्या चालीनं ब्रेक लावून बघा. गाडी सरळ थांबली, पायडल घट्ट राहिलं, दिवा विझला, की मगच माल भरा. आणि शंका वाटली तर एक दिवस थांबा. मोसंबी एक दिवस उशिरा बाजारात गेली तर थोडा भाव जाईल. घरचं माणूस मात्र घरी परत येईल.