परसातल्या द्राक्षवेलीची छाटणी

थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून विश्रांती घेते, आणि त्या काळात तिची एकदाच छाटणी होते. महाराष्ट्रात तेवढी थंडी नाही. म्हणून नाशिक, सांगली, सोलापूरकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात आणि पीक एकदाच घेतात. परसातल्या मांडवावरच्या वेलीलाही हेच वेळापत्रक मानवते.

पहिली छाटणी एप्रिलची, तिला खरड छाटणी म्हणतात. ओलांड्यावरची, म्हणजे मांडवावर आडव्या पसरलेल्या जाड फांदीवरची, प्रत्येक काडी बुडाशी एक डोळा राखून कापली जाते. भर उन्हाळ्यात सावलीचा मांडव उघडाबोडका करायला घरच्या माणसांचा हात धजत नाही, आणि बहुतेक परसबागांतले पीक इथेच हुकते. कारण दुसऱ्या, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर दिसणारा घड उन्हाळ्यातच, नव्या फुटीच्या डोळ्यात सूक्ष्मरूपाने घडलेला असतो. खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांचा हा काळ. तेव्हा काड्यांवर ऊन खेळावे लागते. फुटींची दाटी झाली, किंवा पाणी आणि नत्र सढळ हाताने दिले, तर वेल नुसती पसरते आणि घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता ताणा, निघते. म्हणून नको त्या फुटी लवकर काढतात. राखलेल्या फुटीचा शेंडा सातव्या पानावर खुडतात आणि टोकाची बगलफूट वाढू देतात, हीच सबकेन. पावसाळा सरेपर्यंत काडी तपकिरी आणि टणक व्हायला हवी. हिरव्या काडीकडून घडाची अपेक्षा व्यर्थ.

दुसरी छाटणी ऑक्टोबरची, म्हणजे गोडी छाटणी. ती पाऊस ओसरल्यावरच करावी, नाहीतर कोवळ्या फुटीवर केवडा रोग पडतो. सबकेन असेल तर ती जिथून फुटली त्या गाठीपुढे एक-दोन डोळे ठेवून कापतात. सरळ काडीवर पाच ते आठ, जातीप्रमाणे. काप डोळ्याच्या थोडा वर, धारदार कात्रीने घ्यावा आणि जाड कापांवर बोर्डो पेस्ट लावावी. कापातून पाणी ठिबकते, त्याची चिंता नको.

डोळे एकसारखे फुटावेत म्हणून बागायतदार काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते विषारी आहे. जिथे मुले वावरतात त्या परसात त्याला जागा नाही. काडी किंचित वाकवून बांधली, तरी खालचे डोळे बऱ्यापैकी फुटतात.

थॉमसन सीडलेससारख्या जातीचे घड ऑक्टोबर छाटणीपासून सुमारे चार महिन्यांनी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, काढणीला येतात.