चाळीसचे एकोणचाळीस कुणी केले?

या भागात गोदामातल्या बेल्टबद्दल बोलायचंय. म्हणजे असा बेल्ट, ज्यावरून बंद बॉक्स सरकत येतो, एका पेटीसारख्या बोगद्यातून जातो आणि बाहेर पडेपर्यंत आत कपड्यांचे किती नग आहेत ते स्क्रीनवर येतं. बॉक्स उघडायचा नाही, एकेक नग हातात घ्यायचा नाही. आरएफआयडी टनेल म्हणतात त्याला. अशी टनेल बसवणं हे माझं काम. आणि त्या कामात मी केलेली एक चूक आज सांगणार आहे, कारण तिची किंमत मी नाही, दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

आधी तंत्र थोडक्यात. हे तुम्ही रोज बघता, फक्त गाडीच्या काचेवर. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलवर बंधनकारक झालेला फास्टॅग हा याच जातीचा. टॅगमध्ये बॅटरी नसते. वाचक यंत्राचा अँटेना रेडिओ लहरी सोडतो, त्यातूनच टॅगमधल्या चिपला वीज मिळते आणि तीच लहर परत फिरवताना टॅग आपला नंबर सांगतो. भारतात यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा मोकळा ठेवलाय.

बारकोडपेक्षा यात दोन गोष्टी वेगळ्या. एक, टॅग दिसावा लागत नाही, पुठ्ठ्यातून आणि कापडातून वाचता येतो. दोन, साधा बारकोड सांगतो की हा अमुक साइजचा निळा शर्ट आहे. टॅगमध्ये त्यापुढे अनुक्रमांकही असतो, म्हणजे त्या साइजच्या हजार निळ्या शर्टांपैकी नेमका हा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एका बॉक्समध्ये चाळीस टॅग. सगळे एकदम बोलले तर गोंधळच होणार. म्हणून शाळेतल्या हजेरीसारखी सोय आहे. यंत्र विचारतं, प्रत्येक टॅग मनात एक आकडा धरतो आणि ज्याचा क्रमांक येतो तो बोलतो. दोघं एकदम बोलले तर पुन्हा आकडा धरायचा. आणि ज्याने एकदा ‘हजर’ म्हटलं त्याने गप्प बसायचं, म्हणजे उरलेल्यांना संधी मिळते. हे इतकं भरभर चालतं की सेकंदाला शेकडो टॅग वाचून होतात.

मग अडचण काय? पाणी ही लहर शोषून घेतं, धातू ती परतवतो. पावसाळ्यात ट्रकमधून भिजलेला पुठ्ठा आला की वाचन घसरतं. टॅग एकमेकांना चिकटून बसले तरी घसरतं. आणि ‘आमचं ९९ टक्के वाचतं’ असं कुणी सांगितलं की मी कागद काढून गणित करतो. एक टॅग वाचला जाण्याची शक्यता ९९ टक्के असेल तर चाळीसच्या चाळीस वाचले जाण्याची शक्यता साधारण ६७ टक्केच उरते. म्हणजे तीनातला एक बॉक्स अडणार! ९९.९ टक्के केलं तरी शंभरात चार बॉक्स अडतात. त्यामुळे आमचं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे, एकही टॅग सुटता कामा नये. पॉवर वाढवा, अँटेना वाढवा. माझी चूक इथूनच सुरू झाली.

भिवंडीकडचं एक कपड्यांचं गोदाम. नाव सांगत नाही. टनेल बसवलं, चाचणी झाली, सगळे खूश. मी नियम लावून दिला की चलनापेक्षा नग कमी वाचले तर लाल दिवा आणि बॉक्स बाजूला, बरोबर किंवा जास्त वाचले तर हिरवा. जास्तला हिरवा का? मला वाटलं, एखादा जास्तीचा टॅग आजूबाजूच्या ढिगातून वाचला जात असेल, त्यासाठी लाइन कशाला थांबवायची?

दिवाळीच्या आधी माल वाढला. बेल्टवर बॉक्स जवळजवळ येऊ लागले. आणि एका टेबलाचे बॉक्स सारखे लाल व्हायला लागले, चाळीसच्या जागी एकोणचाळीस. त्या टेबलावर एक ताई पॅकिंग करायच्या. घाईत बॉक्स उघडून मोजायला वेळ कुणाकडे? सुपरवायझर वरून एक शर्ट टाकायचा, बॉक्स पुन्हा एकटाच टनेलमधून सोडायचा, हिरवा दिवा, चला पुढे. महिनाअखेर गोदामातला साठा कमी भरला. मग बोट कुणाकडे जाणार? ताईंच्या पिशवीची रोज झडती सुरू झाली, ठेकेदाराने चार दिवसांची हजेरी कापली.

मी दुसऱ्याच कामासाठी तिथे गेलो होतो. ताई येऊन म्हणाल्या, “साहेब, मी दोनदा मोजते. चाळीस म्हणजे चाळीसच. तुमचं मशीन काय बघतं ते मला दाखवा.”

खरं सांगू? माझ्या मनात पहिलं हेच आलं की मशीन कशाला खोटं बोलेल. तरी एक लाल बॉक्स उघडला. हाताने मोजले, चाळीस. हातातल्या वाचकाने वाचले, चाळीस. मग टनेलची नोंद काढली आणि जो अनुक्रमांक गायब होता तो शोधला. तो होता. पुढच्या बॉक्सच्या नोंदीत होता! त्या बॉक्सचे एकेचाळीस झाले होते, आणि माझ्या नियमाप्रमाणे तो हिरव्या दिव्याने निघूनही गेला होता.

झालं होतं असं की ताईंचं टेबल टनेलच्या सगळ्यात जवळ. त्यांचा बॉक्स बेल्टवर चढायचा तो पुढच्या बॉक्सच्या अगदी पाठीला. पॉवर मी वाढवलेली, त्यामुळे पुढचा बॉक्स आत असतानाच मागच्यातला तोंडाशी असलेला टॅग ‘हजर’ म्हणून मोकळा. आणि एकदा हजेरी दिली की गप्प. मी निवडलेल्या सेटिंगमध्ये लहर मिळत असेपर्यंत तो गप्प राहतो, आणि लहर तुटल्यावरही निदान दोन सेकंद. स्वतःच्या बॉक्सची पाळी आली तेव्हा तो बोललाच नाही. शेजारच्या वर्गात हजेरी देऊन आलेल्या मुलासारखं.

म्हणजे टॅग सुटला नव्हता. वाचला होता, पण चुकीच्या बॉक्सच्या नावावर.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. टनेलच्या आधी बेल्टचा एक तुकडा जास्त वेगाने चालवला, त्याने दोन बॉक्समध्ये अंतर पडतं. पॉवर कमी केली, तोंडाशी लहर शोषणारे पडदे लावले. टॅग पुन्हापुन्हा बोलेल असं सेटिंग घेतलं आणि ज्या बॉक्सच्या वेळी तो जास्त वेळा आणि जास्त जोरात ऐकू आला, त्या बॉक्सच्या नावावर टाकला. आणि मुख्य म्हणजे नियम बदलला. कमी आले तरी लाल, जास्त आले तरी लाल. लाल बॉक्स हाताने मोजल्याशिवाय त्यात काही टाकायचं नाही.

गेलेले शर्ट दुकानांकडून आलेल्या जास्तीच्या मालात सापडत गेले. कापलेली हजेरी परत मिळाली. माफी मात्र ठेकेदाराने मागितली नाही, ती मी मागितली. ताई म्हणाल्या, “मशीनला पण दोनदा मोजायला शिकवा साहेब.”

तेव्हा तुमच्या गोदामात टनेल बसवणार असाल तर विक्रेत्याला एवढंच विचारू नका की किती टक्के टॅग वाचतो. विचारा, दोन बॉक्स एकमेकांना चिकटून आले तर काय होतं? आणि ते तुमच्या डोळ्यांसमोर करून दाखवायला सांगा, तुमच्याच मालावर, तुमच्याच दिवाळीच्या वेगाने. कमी आलेला आकडा सगळ्यांना दिसतो. त्याच्या पुढच्या बॉक्सचा जास्त आलेला आकडाही बघा, कुणाची पिशवी तपासण्याआधी.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गोदामातले असे किस्से असतील तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.