गाडीचं खातं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आयोजकांनी मला सुचवलं होतं, 'तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर बोल.' त्यावर हल्ली सगळेच बोलतात. मी माझ्या बाबांच्या जुन्या गाडीवर बोलणार आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील अजून चिखलीत किंवा आसपासच्या गावांत राहतात. त्यांच्या दारात आपण घेऊन दिलेली एखादी गाडी उभी असते. म्हणून हा प्रश्न आज ना उद्या तुमच्याकडेही येणार आहे.

२०१९च्या दिवाळीत मी बाबांना पेट्रोलवरची साधी, हाताने गिअर टाकायची गाडी घेऊन दिली. आईला दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगरला न्यावं लागतं, त्यासाठी. तेव्हाच पाच वर्षांची वॉरंटीही घेतली होती. ती गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर संपली आणि सर्व्हिस सेंटरमधून बाबांना फोन आला, 'काका, आणखी दोन वर्षं वाढवून घ्या. वीस हजार अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३,६०० रुपये.' बाबांनी मला पुण्याला फोन केला. मी म्हटलं, 'थांबा, हिशेब करून सांगते.'

शनिवार-रविवारी घरी येऊन मी बाबांची बिलांची फाईल काढली. पाच वर्षांत वॉरंटीतून काय काय मिळालं? एक अल्टरनेटर आणि खिडकीच्या काचेची एक मोटर. दोन्ही मिळून ११,७०० रुपयांचं काम. आणि खिशातून काय गेलं? टायर, बॅटरी, क्लच प्लेट, ब्रेक पॅड, सस्पेंशनचे रबरी बुश, शिवाय गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या गाडीच्या उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. हे सगळं ६४ हजारांच्या घरात. यातलं काहीच वॉरंटीत बसलं नाही.

यात कोणी फसवलं असं नाही. कागदावर सगळं लिहिलेलं असतं. वॉरंटी बिघाड भरून देते, झीज भरून देत नाही. इंजिनिअरिंगला आम्हाला एक आलेख शिकवला होता, आंघोळीच्या टबाच्या आकाराचा. यंत्र नवं असताना बनावटीतले दोष निघतात, मधली वर्षं शांत जातात आणि म्हातारपणी खर्च पुन्हा चढतो. पण म्हातारपणीचा बराचसा खर्च झिजेचा असतो, आणि नेमका तोच कागदावर वगळलेला असतो. वर अटी आहेतच. प्रत्येक सर्व्हिसिंग वेळेवर आणि त्यांच्याच सेंटरला झालेलं हवं. बाहेरून वायर कापून म्युझिक सिस्टीम बसवली, तर त्या वायरिंगचा दावा गेला. आपल्या नेहमीच्या वाहन विम्याचाही इथे उपयोग नाही. तो अपघात, चोरी, पूर यांसाठी असतो, चालता चालता गिअरबॉक्स बसला तर तो पैसे देत नाही.

मी तक्ता मांडला आणि बाबांना सांगितलं, 'घेऊ नका. तोट्याचं आहे. मोठा खर्च आलाच तर मी आहे ना.'

बाबा काही बोलले नाहीत. रात्री जेवण झाल्यावर अंगणात म्हणाले, "तुझा हिशेब बरोबर असंल, बाई. पण तुझा पगार दर महिन्याले येते. माह्या हातात पैसा सोयाबीन विकल्यावर येते. आषाढात गाडी बिघडली त मले तुले फोन करा लागते. मले ते बरं नाही वाटत."

मला भूमितीचे सर आठवले. आज ते समोर बसले आहेत. पक्ष, साध्य, सिद्धता. पक्ष लिहायला विसरलं की सर बाकीची सिद्धता वाचतही नसत, तांबडी रेघ ओढून वही परत. मी तेच केलं होतं. सिद्धता चोख होती, पण पक्षात माझा खिसा धरला होता. गाडी बाबांची आणि खिसाही बाबांचा. त्यांना २३,६०० रुपयांत कॉम्प्रेसर किंवा गिअरबॉक्स नको होता. लेकीपुढे हात न पसरण्याची सोय हवी होती.

मग आम्ही दोघांनी पुन्हा पहिल्यापासून मांडलं. बाबा सोयाबीनचा पीक विमा काढतात. त्यात खरिपाला शेतकऱ्याचा हिस्सा दोन टक्के असतो, उरलेलं सरकार भरतं. २०२३च्या खरिपापासून काही हंगाम तर एक रुपयातच झाला. पीक गेलं तर वर्ष जातं, म्हणून तो विमा हवाच. गाडीच्या वॉरंटीत मात्र आपल्या वतीने कोणी भरत नाही, उलट विकणाऱ्याचा वाटा त्याच पैशातून निघतो. आणि त्या गाडीचा मोठ्यात मोठा खर्च आला, तरी वर्ष बुडेल असा तो नव्हता. पैसा फक्त वेळेवर हाताशी हवा होता.

मी म्हटलं, 'बाबा, हेच २३,६०० तुमच्या एकट्याच्या नावाच्या वेगळ्या खात्यात टाका. गाडीशिवाय हात लावायचा नाही. दर दिवाळीला सोयाबीन विकलं की भर घालायची.'

बाबा हसले. "म्हंजे दुबार पेरणीचं बियाणं म्हण ना!"

अक्षय्य तृतीयेला भेंडवळच्या घटमांडणीत काय निघालं, हे बाबा दर वर्षी कान देऊन ऐकतात. पण पाऊस चांगला सांगितला तरी बियाण्याचं एक पोतं मागे ठेवल्याशिवाय ते पेरणीला जात नाहीत. मला जे समजवायला दोन दिवस लागले, ते त्यांना पन्नास वर्षांपासून माहीत होतं.

एक गोष्ट मात्र खात्याने सुटत नव्हती. दोन वर्षांपूर्वी अल्टरनेटर गेला तो देऊळगाव राजाच्या अलीकडे, दिवेलागणीला, आई गाडीत असताना. पार्ट फुकट मिळाला, पण रस्त्याच्या कडेला काढलेले दोन तास कोणी भरून दिले नाहीत. म्हणून रस्त्यावर मदत देणारी सेवा वेगळी घेतली. तिचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून डॅशबोर्डवर चिकटवला.

आता खरं सांगते. या मे महिन्यात एसीचा कॉम्प्रेसर गेला. वॉरंटी घेतली असती तर तो फुकट बसला असता. सेंटरने २९ हजार सांगितले. पण आता तिथेच जायची सक्ती नव्हती, गावातल्या ओळखीच्या मिस्त्रींनी १९,८०० रुपयांत काम केलं. बाबांचा फोन आला, "कॉम्प्रेसर गेल्ता. नवा बसोला, पैसे देल्ले. तुले आपलं सांगून ठेवतो." मी ऑफिसात होते. फोन ठेवल्यावर जरा वेळ काम सुचलं नाही.

खात्यात ३,८०० उरले होते, या दिवाळीला बाबांनी दहा हजारांची भर घातली. दोन वर्षांतलं एक अजून बाकी आहे, त्यामुळे मी जिंकले असं म्हणत नाही. उद्या गिअरबॉक्स गेला तर हिशेब उलटेल. तरी निर्णय तोच घेईन.

तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं. गाडी ऑटोमॅटिक असेल, टर्बो डिझेल असेल, तर एकेक काम लाखाच्या घरात जातं, तिथे वॉरंटी घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. खात्यातले पैसे लग्नकार्यात उचलले जातील असं घर असेल, तरीही घ्या. पण सही करण्याआधी काय वगळलंय ते पान वाचा, जुनी बिलं काढा आणि ही गाडी ज्यांची आहे त्यांना विचारा की भीती नेमकी कशाची वाटते. घेतलेल्या वॉरंटीचा रास्त दावा नाकारला, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, जिल्ह्याला ग्राहक आयोगही आहे.

सर, पक्ष लिहायला मी तीस वर्षांनी शिकले. उशिरा का होईना, वही तपासून द्या.