मुलांचें माप आणि मोठ्यांचें माप

मुलें आणि मोठीं माणसें एकाच छपराखालीं राहतात, एकाच पंक्तीला जेवतात, एकच भाषा बोलतात. यामुळें दोघांचें जगही एकच आहे असा आपला समज होतो. माझा जन्म मुलांना शिकविण्यांत गेला. त्या अनुभवावरून मला असें वाटतें कीं, जग एकच असलें तरी तें मोजण्याचीं मापें दोन आहेत. आणि घरोघरच्या पुष्कळशा रडारडीचें मूळ या मापांच्या भेदांत आहे.

पहिलें माप काळाचें. पांच वर्षांच्या मुलाला आपण सहज सांगतों, "सायकल ना? पुढच्या वर्षीं घेऊं." साठीच्या माणसाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा साठावा हिस्सा, एक दिवाळी सरते न सरते तों दुसरी दाराशीं येते. त्या मुलाला मात्र तेंच वर्ष आयुष्याचा पांचवा हिस्सा असतें. त्रैराशिक मांडून पाहा: साठीच्या गृहस्थाला "बारा वर्षें थांबा" म्हणण्यासारखेंच तें झालें! असें कोणी आपणांस सांगितलें तर आपणही पाय आपटल्यावांचून राहणार नाहीं.

दुसरें माप वस्तूंचें. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) यांचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन सारख्या पेल्यांत सारखें पाणी घ्यावयाचें, आणि मुलाच्या डोळ्यांदेखत त्यांतील एका पेल्यांतलें पाणी उंच, निमुळत्या पेल्यांत ओतावयाचें. चार-पांच वर्षांचें मूल बहुधा सांगतें कीं, उंच पेल्यांत पाणी जास्त आहे. सात वर्षांच्या सुमारास तें समजूं लागतें कीं, भांडें बदललें तरी पाणी तेवढेंच. आतां, थोरल्याला फुलपात्रांत आणि धाकट्याला पसरट वाटींत दूध मिळालें कीं धाकटा रडतो, आणि आपण त्याला हट्टी ठरवितों. तो हट्टी नसतो. त्याचा डोळा सांगतो तेंच तो बोलतो. तेथें उपदेश व्यर्थ. दोघांस सारखें फुलपात्र द्यावें हें बरें.

तिसरें माप अपराधाचें, आणि आज मला विशेष सांगावयाचें आहे तें हेंच. पियाजे यांनीं १९३२ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत मुलांच्या नीतिविचारासंबंधीं केलेली चौकशी आहे. तींत मुलांना दोन गोष्टी सांगितल्या जात. एक मुलगा जेवावयास येतांना दार ढकलतो. दारामागें खुर्चीवर तबक असतें हें त्याला ठाऊक नसतें, आणि पंधरा कप फुटतात. दुसरा मुलगा आई घरीं नाहीं असें पाहून मुरंबा चोरावयास जातो आणि त्याच्या हातून एक कप फुटतो. अधिक अपराधी कोण? लहान मुलें बहुतकरून म्हणत, "पंधरा कप फोडणारा." वय वाढलें कीं उत्तर बदले, मुलें हेतूकडे पाहूं लागत.

श्रोतेहो, हें ऐकून आपणांस हंसूं येईल. पण क्षणभर आपल्या घरांत डोकावून पाहूं. पाहुण्यांना पाणी देण्यासाठीं आपण होऊन धांवलेल्या मुलीच्या हातून कांचेचा जग निसटतो, आणि तिला बोलणीं खावीं लागतात. तिचा भाऊ डब्यांतले लाडू गुपचूप खातो, तेव्हां आपण कौतुकानें त्याला बाळकृष्ण म्हणतों. म्हणजे अपराध मोजतांना आपणच पांच वर्षांच्या मुलाचें माप हातीं घेतों! हेतु राहतो बाजूला. फुटलेल्या वस्तूची किंमत तेवढी दिसते.

याचें फळ मला वर्गांत दिसे. कांहीं मुलें कोणीं विचारण्यापूर्वींच "मीं नाहीं केलें" असें म्हणत उभीं राहत. पांचवींतील एका मुलाच्या हातून लोणच्याची बरणी फुटली आणि तिचा तुकडा तळहातांत रुतला. त्यानें तुकडे परसांत पुरले, हाताला चिंधी गुंडाळली आणि दोन दिवस ती मूठ कोणाला उघडून दाखविली नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्याला लेखणी धरवेना, तेव्हां शाळेंत तें उघडकीस आलें. जखम चिघळली होती. आईबाप धांवत आले, रडले. मुलावर त्यांचें प्रेम नव्हतें असें कोण म्हणेल? पण बरणीपेक्षां हात मोलाचा आहे हें त्या मुलाला कळण्यासारखें त्यांच्या बोलण्यांत आजवर कांहीं आलें नव्हतें.

मुलांचा प्रत्येक हट्ट पुरवावा असें मी म्हणत नाहीं. विस्तव, विहीर आणि रस्ता यांच्यापाशीं मोठ्यांचेंच माप चाललें पाहिजे. पण मोठ्यांना दोन्ही मापें ठाऊक असूं शकतात, मुलाला एकच; म्हणून वांकावयाचें तें मोठ्यांनीं. यापुढें घरांत कांहीं खळ्ळकन् फुटलें, तर पहिला प्रश्न "काय फोडलेंस?" असा न विचारतां "कोठें लागलें का?" असा विचारावा. वस्तूचा हिशेब मागाहून करतां येतो. तेवढा एक प्रश्न ऐकत वाढलेलें मूल पुढें आपली मूठ आपण होऊन उघडून दाखवील.